गाडी लवकर आली

नाशिकहून सकाळी सात वाजता सुटून दिंडोरी, वणी, बोरगाव, सुरगाणा करत पुढे डोंगरातल्या एका गावात जाऊन संपणारी एक लाल गाडी होती. सात वर्षं मी तिच्यावर कंडक्टर होते. ड्रायव्हरही सातही वर्षं तोच. आमच्याकडे अशा जोड्या फार टिकत नाहीत. ड्यूट्या बदलतात, माणसं रुसतात, कुणाला घाटाचा रस्ता नकोसा होतो. आम्ही ती गाडी मागून घेतली होती, आणि मागणारं दुसरं कुणी नसल्यामुळे ती आमच्याकडेच राहिली.

ड्रायव्हर देवळ्याकडचा. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, अंगानं दणकट, आवाज मात्र बारीक. घरी कांद्याची शेती, ती बायको आणि भाऊ बघायचे. शहरात इतकी वर्षं काढूनही त्याच्या बोलण्यात मधूनच अहिराणी डोकवायची. सकाळी डेपोत भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय मास्तर, बरं शे ना?" कंडक्टरला आमच्यात मास्तर म्हणतात. बाई कंडक्टरला काय म्हणायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही मास्तरच.

वणीपर्यंत गाडीत बहुतेक नोकरदार असायचे. वणीला ते उतरले की गाडीचा वासच बदलायचा. पाट्या, गाठोडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांवरून घरी चाललेली माणसं. ही माणसं तिकिटासाठी हात पुढे करायच्या आधी घरची खबर सांगायची. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचा बैल गेला. मी नाशिकरोडच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे भिंतीला भिंत लागून, विहारातली वंदना घरात ऐकू येईल इतकं सगळं जवळ. त्यामुळे मला शांत प्रवासी कधी आवडलेच नाहीत. ही गाडी म्हणजे चालती कॉलनीच होती.

शेवटच्या थांब्यावर एक चहाची टपरी होती. ती चालवणारे मामा, म्हणजे मी त्यांना मामा म्हणायचे, साठीच्या आसपासचे. त्या गावात गाडी येते ती त्यांच्यामुळे, हे मला पहिल्याच दिवशी दहा जणांनी सांगितलं. आधी गाडी खालच्या फाट्यापर्यंतच यायची. तिथून पायी तासभर चढ. मामांनी कित्येक वर्षं अर्ज केले, तालुक्याला खेटे घातले. 'गाडी वळवायला जागा नाही' असं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी गाव गोळा केलं, टेकडीचा एक कोपरा खणून काढला आणि मुरूम पसरून गोल मैदान केलं. पहिली गाडी आली त्या दिवशी तिला हार घातला, नारळ फोडला. पुढे रोज दुपारी आम्ही पोचायच्या आत मामा त्या मैदानातली गुरं हाकलून ठेवायचे. गाडी वळून उभी राहिली की टपरीतून दोन कप यायचे. ड्रायव्हरला साखर जास्त, मला आलं जास्त. अर्धा तास आम्ही तिथे बसायचो. माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा काळ कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी तो अर्धा तास सांगेन.

मग त्या मार्चमध्ये सगळं थांबलं.

थांबलेल्या दिवसांची आठवण गोड आहे असं म्हणायला जीभ अडखळते, कारण तेव्हा किती जणांचं काय काय झालं ते मला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या घरात ते दिवस वाईट गेले नाहीत. मिस्टरांची कंपनी बंद, माझी गाडी बंद. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं आणि सासूबाई तिन्ही वेळा एकत्र जेवलो. संध्याकाळी गच्चीत जायचो. हवा इतकी स्वच्छ झाली होती की पांडवलेण्याचा डोंगर हात लावता येईल असा दिसायचा. सासूबाईंना दमा. त्या पायऱ्या सावकाश चढायच्या, वर येऊन खुर्चीत बसायच्या आणि मला त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. त्यांच्या आजोळी एकदा पटकी आली होती, तेव्हा गावानं आठवडे बाजार बंद ठेवला होता. "बाजार पहिल्यांदा उघडला तेव्हा कुणी गेलंच नाही," त्या म्हणायच्या. "व्यापारी बसले माशा मारत. लोकांनीच ठरवलं, एवढ्यात नाही."

ड्रायव्हर मात्र तेव्हा घरी नव्हता. मुंबईकडून चालत निघालेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायच्या गाड्या निघाल्या होत्या, त्यात त्याची ड्यूटी लागली. फोनवर तो एरवी बडबड्या, पण त्या दिवसांत दोन वाक्यांपुढे जायचा नाही. एकदाच म्हणाला, "मास्तर, माणसांच्या पायांत चपला नव्हत्या. बाटल्या चेपून बांधल्या होत्या."

जूनच्या तोंडावर डेपोतून निरोप आला. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुरू होणार. एका बाकावर एकच माणूस, तोंडाला मास्क, चढताना हातावर सॅनिटायझर. माझी तीच गाडी, तोच ड्रायव्हर. मी फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन खाकी ड्रेसला इस्त्री करायला घेतली. मला आनंद झाला होता, तो लपत नव्हता.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "रोग गेला म्हणून उघडलं, का कंटाळा आला म्हणून उघडलं?"

मी म्हटलं, "आई, किती दिवस बंद ठेवणार? लोकांना घरी जायचंय. पोटापाण्याचं काय?"

"ते मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारलं."

मी इस्त्री फिरवत राहिले. मिस्टर म्हणाले, सुट्टी टाकता येते का बघ. मी बघितलंही नाही.

सकाळी डेपोत ड्रायव्हर भेटला. दोन महिन्यांत वाळला होता. मास्कच्या वर नुसते डोळे. त्यानं नेहमीचं विचारलं, मग गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर हात थोपटला आणि म्हणाला, "लवकर काढताय गाडी, असं वाटतं मला."

"तुम्ही तर दोन महिने चालवतच होतात," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतो. ती माणसं घरी सोडायची होती. ही गाडी कशासाठी आहे?"

"हीपण माणसं घरीच सोडायची आहेत," मी म्हटलं. तो चढला आणि स्टार्टर मारला.

नाशिकहून निघालो तेव्हा गाडीत चार माणसं होती. वणीला तीन उतरली, सुरगाण्याला एक. उरली एकच, दिंडोरीहून चढलेली बाई. चाळिशीची, काळीसावळी, डोक्यावर गाठोडं, हातात चादरीत बांधलेलं पातेलं. मी तिला ओळखत होते. दर हंगामाला ती बागेवर जायची आणि काम संपलं की परत यायची. द्राक्षं तुटली तरी पुढची छाटणी होती म्हणून ती मार्चमध्ये थांबली, आणि तिथेच अडकली. नवरा आधीच गावाकडे गेला होता. तिनं दोन महिने बागेतल्या पत्र्याच्या खोलीत इतर बायांबरोबर काढले होते.

"मालक बरा होता," ती सांगत होती. "किराणा द्यायचा. पण ताई, भाताची रोपं टाकायची वेळ आली. मी नाय गेले तर कोण टाकील? नवरा एकटा काय करंल?"

"तुला काही त्रास नाही ना? ताप, खोकला?"

"काय नाय. धडधाकट हाय."

सुरगाणा सोडलं आणि मी खिडकीशी सरकले. दोन महिन्यांत डोंगर बदलले नव्हते, पण मला ते नवे दिसत होते. भाताच्या राबासाठी भाजलेल्या जमिनीचे काळे पट्टे, करवंदाच्या जाळ्या, वळणावळणाला ओळखीचं झाड. मी मनातल्या मनात मामांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

फाटा ओलांडून चढ लागला. शेवटच्या वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. समोर रस्त्यात आंब्याचं एक वाळकं खोड आडवं टाकलं होतं. दोन्ही बाजूंना दगड रचलेले. पलीकडे पंधरा-वीस माणसं उभी, तोंडाला रुमाल, टॉवेल बांधलेले. सगळ्यांच्या पुढे मामा.

मी हसतच खाली उतरले. मला वाटलं, डोंगरावरून दरड आली असेल, लोक रस्ता साफ करत असतील.

"ताई, तिथंच थांबा," मामा म्हणाले. "पुढं येऊ नका."

मी थांबले. आमच्यात वीस पावलांचं अंतर होतं.

"मामा, गाडी सुरू झाली. सरकारनं परवानगी दिली."

"सरकारनं दिली. आम्ही नाय दिली." त्यांचा आवाज चढा नव्हता. "ताई, गावात दवाखाना नाय. एक माणूस पडला तर जीप भेटंस्तोवर जीव जातो. नाशिकमधी रोज आकडा वाढतोय, आम्ही रेडिओवर ऐकतो. आकडा वाढतोय आणि गाडी सोडली. हे कुठलं गणित?"

"पण अशी किती दिवस वाट अडवणार?"

"ते आम्हांला नाय ठाऊक. पण आज नाय. गाडी मागं घ्या."

मागे गाडीचं दार वाजलं. ती बाई गाठोडं घेऊन उतरली होती. तिनं समोरच्या माणसांत कुणालातरी शोधलं, मग नवरा दिसला असावा. ती सरळ चालू लागली. दोघा-तिघांनी हात वर केले.

"थांब गं. तिथंच थांब."

"मी गावची हाय!" ती ओरडली. "माझं घर हाय तिथं!"

"गावची हायेस, म्हणूनच सांगतोय," मामा म्हणाले. "घरात दोन म्हातारी हायेत तुझ्या. शाळा उघडून ठेवलीय. चौदा दिवस शाळेत राहा. भाकर तिथं येईल. पाणी येईल. मग घरी जा."

"मी काय जनावर हाय का शाळेत कोंडायला?"

तिचा नवरा मान खाली घालून उभा होता. ती माझ्याकडे वळली. मी काहीतरी करीन असं तिला वाटलं असावं. खाकी कपड्यांतल्या माणसाकडे लोक तसं बघतात. मी तिकीट दिलं होतं. तिकिटावर त्या गावाचं नाव होतं. तिला तिथे पोचवणं माझं काम होतं.

मी म्हटलं, "मामा, हिला तरी सोडा. मी खात्री देते. काही झालेलं नाही हिला."

"तुम्ही कशाची खात्री देणार, ताई? तुम्हांला तुमची तरी खात्री हाय का?"

हे त्यांनी रागानं विचारलं नाही. मला आठवतं, त्यांचे डोळे पाणावले होते, पण ते तिथून हलले नाहीत. मी मास्क नाकावर ओढून घेतला.

शेवटी ती बाई रडत रडत शेताच्या कडेनं शाळेकडे गेली. माणसं दोन्ही बाजूंना सरकून लांब उभी राहिली. गाडी वळवायला तिथे जागा नव्हती. ड्रायव्हरनं ती फाट्यापर्यंत रिव्हर्स घेतली, तासभराचा तो चढ उलटा उतरला, आणि मी मागच्या काचेशी उभी राहून त्याला रस्ता सांगत होते. सात वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या गावचा चहा न पिता परतलो.

सुरगाण्याच्या थांब्यावर गाडी उभी केल्यावर मी एकदम म्हटलं, "ज्यांनी गाडी आणली तेच लोक गाडी अडवतात."

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "ज्यानं आणली त्यालाच अडवायचा हक्क," तो म्हणाला. "दुसऱ्यानं अडवली असती तर मी उतरून भांडलो असतो."

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, ती दिंडोरी आली तेव्हाच उठले.

पुढचे दोन-अडीच महिने आमची गाडी सुरगाण्यालाच संपायची. मग पोळ्याच्या आधी एका दुपारी कुणीतरी निरोप आणला की गावानं खोड काढलं आहे, या. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. भात गुडघाभर वाढला होता, रस्त्यावर पाणी वाहत होतं, आणि मैदानात गुरं नव्हती. मामांनी चहा दिला. कागदी कपात, लांबून, हात पुढे ताणून. आम्ही गाडीच्या पायरीवर बसून प्यायलो, ते टपरीत बसले. आलं मात्र जास्त होतं.

आणि मग हळूहळू सगळे विसरले. बाकावर एक, ते बाकावर दोन झाले, मग आदेश आला की गाडी पूर्ण भरा. दिवाळीनंतर लग्नं निघाली. गाडीच्या दाराला लोंबकळायचीच काय ती माणसं बाकी. मास्क गळ्यात, मग खिशात. मीही काढला. घाटात गर्दीत ओरडून तिकिटं मागताना तो तोंडाला चिकटायचा, श्वास कोंडायचा. ते दोन-तीन महिने मी फार सुखात होते, हे मला कबूल करायला हवं. गाडी पुन्हा बोलायला लागली होती. ती बागेवरची बाईही एकदा चढली. माझ्याशी बोलली, पण टपरीसमोर उतरल्यावर तिनं मामांकडे पाहिलं नाही. शाळेतल्या चौदा दिवसांचा राग तिच्या चालण्यात होता.

त्या सुखाच्या दिवसांत गाडीत फक्त एकच माणूस मास्क लावून असायचा, आणि तो गाडी चालवायचा. प्रवासी त्याची चेष्टा करायचे. मीही केली. "आता उघडलं ना सगळं?" मी म्हटलं एकदा.

"उघडलं म्हणजे संपलं असं कुणी सांगितलं, मास्तर?"

फेब्रुवारी संपता संपता मला मामांचा फोन आला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, पण सात वर्षांत त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"ताई, बुधवारपासून गाडी आणू नका. फाट्याखालच्या पाड्यावर दोघं तापानं पडलेत. आम्ही वाट बंद करतोय."

मी डेपोत साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, वरून आदेश नाही, गाडी जाणार. त्यांचंही बरोबर होतं. एका टपरीवाल्याच्या फोनवर गाडी बंद कशी करणार? म्हणून आम्ही जात राहिलो. सुरगाण्यापर्यंत भरलेली, पुढे रिकामी. फाट्याला वळायचं आणि परत. या वेळी मला राग आला नाही. खोड होतं की नाही, ते बघायलाही आम्ही वर गेलो नाही.

मार्च सरता सरता ड्रायव्हरला ताप आला. त्यानं सुट्टी टाकली आणि देवळ्याला गेला. त्याच आठवड्यात मलाही ताप आला, मग मिस्टरांना. सासूबाईंना आम्ही आधीच नणंदेकडे पाठवलं होतं, मीच हट्टानं. त्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला शाबासकी देते. बाकी गोष्टींसाठी नाही.

आम्ही दोघं घरीच बरे झालो. ड्रायव्हर झाला नाही. त्याला देवळ्याहून पुढे कुठल्याशा दवाखान्यात हलवलं, तिथे खाट मिळायला दीड दिवस गेला. मी पडून होते तेव्हा त्याचा फोन आला. श्वास लागत होता, शब्द तुटत होते.

"बरं शे ना, मास्तर?"

"मी बरी आहे. तुम्ही बोलू नका जास्त."

"गाडी कोण नेतंय?"

"कुणी नाही. पुन्हा सगळं बंद झालं."

"बरं झालं," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "उघडायची घाई करू नका आता."

चार दिवसांनी तो गेला. अंत्यविधीला आमच्यापैकी कुणाला जाता आलं नाही. त्याला आजार आमच्याच गाडीतून लागला, की कांद्याच्या खळ्यावर, की बाजारात, हे कुणाला सांगता येणार नाही. त्याची बायको मला म्हणाली होती, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पण तिनं हे सांगितलं याचा अर्थ मी मनाला लावून घेतलंय हे तिला दिसलं होतं. त्या हिवाळ्यात गाडीत उघड्या तोंडानं मीच हिंडत होते, आणि माझ्यापासून तीन हातांवर तो बसलेला असायचा.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी ती गाडी मागितली नाही. चौकशीच्या खिडकीवर ड्यूटी मिळेल का म्हणून अर्ज दिला. मिळाली. आता दिवसभर लोक मला विचारतात, अमकी गाडी कधी लागणार, आणि मी सांगते.

मागच्या वर्षी, भाताची कापणी झाल्यावर, मी साधी प्रवासी होऊन त्या गावी गेले. सुट्टीचा दिवस होता, घरी कुणाला नीट कारण सांगितलं नाही. आता त्या गावाला दिवसातून दोन गाड्या जातात, मी दुपारची धरली. गाडी नवी होती, कंडक्टर एक तरुण मुलगी. तिनं मला ओळखलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिकीट काढून खिडकीत बसले.

मामा थकले होते. टपरी आता सून चालवते, ते बाहेर बाकावर बसतात. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. ड्रायव्हरचं त्यांना कळलं होतं. थोडा वेळ आम्ही त्याच्याविषयी बोललो, त्याला चहात किती साखर लागायची, गाडी वळवताना तो मान कशी बाहेर काढायचा. मग मामा म्हणाले, "ताई, एक विचारू? त्या दिवशी मी तुम्हांला मागं पाठवलं. माझं चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं. आम्ही लवकर आलो होतो."

त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. "गावात पहिल्या वर्षी कुणाला काय झालं नाय. हे खरं. पण पुढच्या खेपेला दोघं गेले. वाट बंद असूनसुद्धा गेले. आणि एका पोरीचं बाळंतपण अडलं, तेव्हा खोड उचलायला माणसं गोळा करण्यात वेळ गेला. ती वाचली. बाळ नाय वाचलं." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "बंद केलं ते बरोबर, का उघडलं ते बरोबर, मला अजून उमगत नाय."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्या बाजूनं स्वतःशी भांडत होते, आणि ते माझ्या बाजूनं.

आम्ही असे बसलो असताना रस्त्यानं ती बागेवरची बाई आली. डोक्यावर गवताचा भारा. भारा टपरीच्या भिंतीशी टेकवून ती आमच्या शेजारी बसली, अगदी मामांना खेटून. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काय बघता ताई?" ती हसली. "मिटलं आमचं."

"कसं काय?"

"बसले एकदा आठवत. लग्न झालं तेव्हापासून मला कुणी आयती भाकर दिल्याची आठवण नाय. त्या शाळेत चौदा दिवस दोन वेळा भाकर आली. नागलीची, गरम. लांबून ठेवून जायच्या बाया, पण गरम. कुणी काम सांगितलं नाय. मी फळ्यावर खडूनं चित्रं काढली, दिवसा झोपले. तेव्हा रडत होते. आता वाटतं, परत कोण देतंय असे चौदा दिवस?"

मामा मोठ्यानं हसले, मग त्यांना ठसका लागला. सुनेनं आतून पाणी आणलं. बाईनं तो पेला घेतला आणि स्वतः त्यांना पाजला.

"या वर्षी बागेवर जाणार ना?" मी तिला विचारलं.

"नाय. गुडघे दुखतात. मुलगी म्हणते, घरीच राहा." तिनं पेला सुनेला परत दिला. "तुम्ही किती वाजताच्या गाडीनं जाणार?"

गाडी सुटायला दहा मिनिटं होती. कंडक्टर मुलीनं एकदा बेल वाजवून प्रवाशांना बोलावलं. मी उठले, मामांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुन्हा या, पण सकाळच्या गाडीनं या, म्हणजे जेवायला थांबता येईल. मी हो म्हटलं. या कापणीला जायचं ठरवलं आहे.